आत जाणं फुकट, बाहेर येणं महाग

शाळेच्या पुस्तकात पेशीची आकृती असते. केंद्रक ठळक, मायटोकॉन्ड्रिया आतल्या वळ्यांसकट, आणि कोपऱ्यात एक साधं वर्तुळ काढून पेरॉक्सिसोमची बोळवण. योहानेस रोडिन यांना ते १९५४ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडात दिसलं. त्याचं काम काय, हे बेल्जियमच्या क्रिस्तियां द द्यूव यांनी पुढे शोधून काढलं. त्या वर्तुळात प्रथिनं शिरतात कशी, यावर मात्र अजून वाद चालू आहे.

खालच्या संवादातले मामा आणि भाची मी बेतलेले आहेत. मामा रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले केमिकल इंजिनिअर. पाइप, व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज यांच्यात हयात गेलेली. भाची यीस्टवर संशोधन करणारी. मामांचं म्हणणं सरळ आहे: बंद भांड्यात काही जातं म्हणजे भांड्याला तोंड आहे, ते दाखवा आणि मग बोला. भाचीला वाटतं, मामा चुकीच्या बाजूला बघताहेत. माणसं काल्पनिक असली तरी दोघांचे मुद्दे खऱ्या प्रयोगशाळांतले आहेत.

मामा : आधी हे सांग, पेशीला ही पिशवी हवीच कशाला? हायड्रोजन पेरॉक्साइड मी हाताळलंय. त्याची टाकी कधी घट्ट बंद करायची नसते, व्हेंट ठेवावाच लागतो. आत जरासा गंज गेला तरी ते फुटायला लागतं, ऑक्सिजन सुटतो, टाकी तापते आणि मग आवरत नाही. असला माल कुणी घरात साठवतं का?

भाची : साठवत नाहीच मामा. तिथल्या तिथे तयार होतो आणि तिथल्या तिथे मोडतो. फार लांब साखळीची मेदाम्लं, बावीस-चोवीस-सव्वीस कार्बनवाली, मायटोकॉन्ड्रियाला झेपत नाहीत. ती पेरॉक्सिसोममध्ये आखूड केली जातात, आणि ते करताना पेरॉक्साइड सुटतं. शेजारी कॅटलेज नावाचं विकर असतं, तू एन्झाइम म्हणशील. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. जखमेवर पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो ना, तो रक्तातल्या कॅटलेजमुळेच.

मामा : म्हणजे रिअ‍ॅक्टर आणि न्यूट्रलायझर एकाच भांड्यात. हे पटलं. मग ही विकरं ते भांडं स्वतःच बनवत असेल.

भाची : तेच तर करत नाही. मायटोकॉन्ड्रियाकडे निदान थोडा स्वतःचा डीएनए असतो. पेरॉक्सिसोमकडे डीएनए नाही, रायबोसोमही नाही. माणसात पन्नासेक विकरं त्याच्या पोटात असतात आणि एकूण एक बाहेरून येतात. पेशीद्रवात पूर्ण तयार होतात, मग आत जातात. पॉल लाझारो आणि युकिओ फुजिकी यांनी १९८५ मध्ये हे चित्र नीट मांडलं.

मामा : मग कुठलं प्रथिन या पिशवीचं आणि कुठलं दुसरीकडचं, हे ठरवतं कोण?

भाची : प्रथिनाच्या शेपटीला लिहिलेलं असतं. ते कळलं काजव्यामुळे.

हा भाग भाची दोन वाक्यांत उरकेल, म्हणून मीच सांगणं बरं. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला आपल्याकडे गर्दी लोटते. काजव्याच्या पोटातला तो उजेड ल्यूसिफरेज या विकरामुळे पडतो. १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या प्रयोगशाळांत अमेरिकी काजव्याचं हे जनुक हाताशी आलं. तिथेच सुरेश सुब्रमणी यांचा गट काम करत होता. सुब्रमणी जबलपूरचे, आणि पदवी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजची. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काजव्याचं जनुक माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत घातलं. माकडाच्या पेशीला काजव्याच्या प्रथिनाशी काय देणंघेणं? ते पेशीभर पसरेल अशीच कुणाचीही अटकळ असती. ते जाऊन बसलं पेरॉक्सिसोममध्ये. काजव्याच्या स्वतःच्या दिव्यातही ते तिथेच असतं, हेही त्याच वेळी, १९८७ मध्ये, स्पष्ट झालं. माकड आणि किडा यांच्यात एवढं अंतर असूनही पत्त्याची लिपी एकच निघाली.

मग सुरू झाली काटछाट. प्रथिनाचा कुठला तुकडा काढला की ते भरकटतं? शेपटीकडचा. त्यातला किती पुरतो? १९८९ मध्ये स्टीफन गूल्ड, सुब्रमणी आणि सहकारी ज्या उत्तरापाशी पोचले ते अजूनही थक्क करतं: शेवटची तीन अमिनो आम्लं, सेरीन, लायसीन, ल्यूसीन. ज्याचा पेरॉक्सिसोमशी काडीचा संबंध नाही अशा जिवाणूच्या विकराला ल्यूसिफरेजच्या शेपटीचा तुकडा जोडला, तर तेही निमूटपणे आत गेलं. पुढे हीच शेपटी यीस्टमध्ये, वनस्पतींत, किड्यांत आणि सस्तन प्राण्यांत चालते हे दिसलं.

मामा : तीन अक्षरं! वीस अमिनो आम्लं, तीन जागा, म्हणजे आठ हजार शक्यता. पेशीत हजारोंनी प्रथिनं. योगायोगाने भलत्याच कुणाच्या शेवटी हीच तीन येणार नाहीत?

भाची : येतातही. पण नुसती असून भागत नाही. ती अगदी टोकाला हवीत. पुढे आणखी एक अमिनो आम्ल चिकटवलं तरी खेळ खलास. शेपटी बाहेर लोंबती हवी, घडीत दडलेली नको. त्याआधीची काही अमिनो आम्लंही पकड घट्ट किंवा सैल करतात. आणि शेपटी ओळखतं ते पेक्स-५ नावाचं प्रथिन. पेशीद्रवात फिरत असतं, माल भेटला की शेपटी धरतं आणि पेरॉक्सिसोमकडे नेतं. हा रिसेप्टर. कॅटलेजची शेपटी थोडी वेगळी आहे, तिच्यावर त्याची पकड ढिली असते. काही मोजक्या प्रथिनांचा पत्ता शेपटीऐवजी सुरुवातीकडे असतो, तो पेक्स-७ वाचतं. शिवाय ज्यांना पत्ताच नाही अशी काही प्रथिनं पत्ता असलेल्या जोडीदाराला बिलगून आत जातात.

मामा : फुकटे!

भाची : हो, पण त्यांच्यामुळेच एक मोठी गोष्ट उघड झाली. जोडीदाराला बिलगून जायचं तर दोघं आधी बाहेरच घडी घालून, जुळून तयार हवेत. मायटोकॉन्ड्रियात तसं चालत नाही. तिथे प्रथिन उलगडून, दोऱ्यासारखं ओवून आत घेतात. इथे घडी घातलेलं, जोडलेलं, पूर्ण तयार प्रथिन जसंच्या तसं आत जातं.

मामा : हे मी मानणार नाही. आत गेल्यावर पुन्हा जुळत असतील.

भाची : हीच शंका काढायला सुब्रमणींच्या प्रयोगशाळेत १९९५ मध्ये सोन्याचे कण वापरले. अल्ब्युमिन या प्रथिनावर त्या तीन अक्षरांच्या शेपट्या जोडल्या, ते सोन्याच्या कणांवर चढवलं आणि माणसाच्या पेशीत टोचलं. नऊ नॅनोमीटरपर्यंतचे कण पेरॉक्सिसोममध्ये पोचले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके, पिशवीच्या आत. सोनं उलगडतं का मामा?

मामा : नाही उलगडत. पण मग माझाच मुद्दा सिद्ध झाला. पिशवीचं पटल जाड किती?

भाची : मधला तेलकट थर पकडून चार-पाच नॅनोमीटर.

मामा : म्हणजे भिंतीच्या जाडीच्या जवळपास दुप्पट गोळा भिंतीतून आत गेला. एवढं भोक असेल तर आतलं पेरॉक्साइड, विकरं, सगळं बाहेर यायला हवं. येतं का?

भाची : पेरॉक्साइडसारखे बारके रेणू थोडेफार ये-जा करतात, त्यांना वेगळी छोटी छिद्रं आहेत. पण विकरं गळत नाहीत.

मामा : मग भोक कुठे आहे ते दाखव. एवढं मोठं तोंड उघडं राहून गळती नाही, असं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही. एअरलॉक असेल तर त्याची दोन दारं दाखव.

मामांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. या क्षेत्रातले जाणते लोक याच जागी अडले आहेत, आणि दोन तट पडले आहेत.

भाची : पहिला तट जर्मनीतल्या बोखुमचा, राल्फ एर्डमान आणि मंडळी. ते म्हणतात, कायमचं दार नाहीच. पेक्स-५ माल घेऊन आलं की स्वतःच पटलात शिरतं आणि पेक्स-१४ सोबत भोक तयार करतं. माल गेला की भोक मोडतं. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ही प्रथिनं कृत्रिम पटलात बसवून विजेचा प्रवाह मोजला. माल नसताना भोक मिटलेलं, माल आला की ते रुंदावतं, नऊ नॅनोमीटरपर्यंत.

मामा : प्रवाह मोजला हे बरं केलं. आकडा आहे. आणि तो सोन्याच्या कणाशी जुळतो.

भाची : दुसरा तट हार्वर्डचा, टॉम रॅपोपोर्ट यांचा गट. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की पटलात पेक्स-१३ चे बरेच रेणू एकत्र येतात. त्या प्रथिनाचा एक भाग टायरोसीन आणि ग्लायसीन या दोन अमिनो आम्लांनी भरलेला आहे. हे भाग एकमेकांना चिकटून पटलाच्या छिद्रात दाट जाळी करतात. केंद्रकाच्या छिद्रांतही जवळपास अशीच जाळी असते. परक्या प्रथिनाला ती आत घेत नाही. पेक्स-५ ला घेते, कारण त्याच्या अंगावर जाळीशी जमवून घेणाऱ्या जागा आहेत. ते सरकत जातं, सोबत मालही जातो. दारावर मण्यांचा पडदा असतो ना, माणूस जाताना बाजूला होतो आणि मागे मिटतो, तसं. भोक केवढं, हा तुझा प्रश्नच उरत नाही.

मामा : माझा प्रश्न उरतो, फक्त आता तो जाळीबद्दल आहे. ही जाळी जिवंत पेशीत पाहिली की चाचणी नळीत?

भाची : वेगळं काढलेलं प्रथिन नळीत जेलीसारखं घट्ट होतं आणि पेक्स-५ त्यात शिरतं, हे दाखवलं. यीस्टमध्ये त्या भागातली अमिनो आम्लं बदलली तर आयात थांबते, हेही दाखवलं.

मामा : नळीत पुष्कळ गोष्टींची जेली होते. पायलट प्लांटमध्ये जमलं म्हणून मोठ्या प्लांटमध्ये जमेल, असं मी कधी सही करून दिलेलं नाही. पेशीत तिची दाटी तेवढीच असते का, हे आधी मला दाखवा.

मला विचाराल तर जाळीची कल्पना अधिक पटते, कारण मोठा माल आणि शून्य गळती ही दोन्ही कोडी तिने एकदम सुटतात. पण मामांची सही न मिळणंही योग्यच आहे. खुद्द पेक्स-५ किती आत जातं यावरही एकमत नाही. रॅपोपोर्ट यांच्या गटाने आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रयोग करून ते मालासकट पूर्ण आत जातं असं दाखवलं. पोर्तुगालमधल्या पोर्तो इथले जॉर्ज अझेवेदो आणि सहकारी बरीच वर्षं मांडत आले आहेत की ते पटलातल्या यंत्रणेतच रुतून राहतं आणि माल आत सोडतं. दोघांकडेही नेटके प्रयोग आहेत.

भाची : आता माझं ऐक. तू सगळा वेळ दाराशी उभा आहेस. पण तू इंजिनिअर आहेस, मग ऊर्जेचा हिशेब का विचारत नाहीस?

मामा : विचारतो. माल आत ढकलायला पेशीचं इंधन, एटीपी, किती लागतं?

भाची : आत जायला लागतच नाही.

मामा : काय सांगतेस! उताराशिवाय वस्तू एकाच दिशेने जमत जाते? मग ऊर्जा कुठेतरी खर्च होत असणारच. फुकटात काही पंप होत नाही.

भाची : खर्च होते, परतीच्या वेळी. पेक्स-५ ला पुन्हा पेशीद्रवात आणायचं असतं. पटलात पेक्स-२, पेक्स-१० आणि पेक्स-१२ यांचं एक त्रिकूट आहे. त्यांच्यामध्ये एक अरुंद वाट असते. तिच्यातून पेक्स-५ चं सुरुवातीचं टोक बाहेर डोकावतं. त्या टोकाशी सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे, माणसात अकराव्या जागी. त्रिकूट त्या सिस्टीनवर युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवतं. एरवी ही खूण लायसीनवर लागते आणि बहुतेक वेळा तिचा अर्थ ‘हे मोडीत काढा’ असा असतो. इथे ती सिस्टीनवर लागते आणि अर्थ होतो ‘हे बाहेर ओढा’. बाहेरच्या बाजूला पेक्स-१ आणि पेक्स-६ यांची सहा घटकांची कडी बसलेली असते. ती एटीपी जाळून पेक्स-५ ला खेचते, आपल्या मधल्या छिद्रातून ओवून काढते. त्या ओढाताणीत पेक्स-५ उलगडतं आणि उरलीसुरली मालाची पकड सुटते. बाहेर आल्यावर ते पुन्हा घडी घालतं, युबिक्विटिन उतरवलं जातं, आणि पुढच्या खेपेला मोकळं.

मामा : म्हणजे माल घडीसकट आत जातो आणि त्याला नेणारा उलगडून बाहेर येतो. एका बाजूला रुंद वाट, दुसऱ्या बाजूला चिंचोळी. म्हणूनच माल मागे फिरत नाही! परतीच्या वाटेत तो मावतच नाही. हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झाला की.

भाची : बघ, तूच बोललास. एर्डमान यांच्या तटानेही याच अंगाने मांडणी केली होती, की आयात चालते ती रिसेप्टरच्या निर्यातीच्या जोरावर. दाराबद्दल भांडणारे दोन्ही तट परतीबद्दल बरेचसे एका बाजूला आहेत. म्हणून म्हणते, आधी बाहेरची बाजू बघ.

मामा : छान आहे गं. पण हे माहीत असून-नसून कुणाचं काय अडलं?

यावर भाची थोडी चिडते, असं मी धरून चालतो.

भाची : अडलं ते मुलांचं. १९६४ मध्ये काही अर्भकांचं वर्णन छापून आलं. पुढे या आजाराला हान्स झेल्वेगर यांचं नाव मिळालं. अंग लुळं, टाळू मोठी आणि उघडी, दूध ओढता येत नाही, झटके येतात, यकृत वाढलेलं. तीव्र प्रकारातली बहुतेक मुलं वर्षभराच्या आत जातात. १९७३ मध्ये सिडनी गोल्डफिशर आणि सहकाऱ्यांना अशा मुलांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात पेरॉक्सिसोम दिसलेच नाहीत. सगळ्यांना वाटलं, पिशवीच बनत नाही. मग १९८८ मध्ये लाझारो यांच्या गटाने पटलातल्या प्रथिनांचा शोध घेतला, तेव्हा पिशव्या सापडल्या. रिकाम्या. पिशवी होती, आत माल नव्हता.

मामा : म्हणजे माल बाहेरच पडून?

भाची : हो. कॅटलेज पेशीद्रवात भटकत असतं. इतर काही विकरं बाहेर टिकतच नाहीत, मोडली जातात. लांब मेदाम्लं रक्तात साठतात, आणि मेंदूला लागणारे काही खास मेद तयार होत नाहीत.

मामा : पत्ता वाचणारा बिघडला असणार. पेक्स-५.

भाची : सगळ्यांना आधी तेच वाटतं. पेक्स-५ मधला बिघाड सापडतो, पण क्वचित. निम्म्याहून कितीतरी जास्त रुग्णांत बिघाड असतो पेक्स-१ मध्ये, आणि त्याखालोखाल पेक्स-६ मध्ये.

मामा : खेचणारी कडी!

भाची : तीच. पत्ता शाबूत, वाचणारा शाबूत, दार शाबूत. रिसेप्टर परत येत नाही म्हणून पुढची खेप निघत नाही. अडकलेल्या पेक्स-५ वर मग युबिक्विटिनच्या लांब साखळ्या चढतात आणि पेशी त्याला मोडीत काढते. आत जाण्याचा रस्ता ओस पडतो, कारण न्यायला कुणी उरत नाही.

मामा बराच वेळ बोलत नाहीत. कारखान्यात मुख्य लाइन बंद पडल्याचं कारण रिटर्न लाइनमध्ये सापडल्याचे प्रसंग त्यांना आठवत असावेत.

मामा : आणि हे पेक्स-१ सापडलं कसं? मुलांच्या रक्तात?

भाची : यीस्टमध्ये. बोखुमलाच, कुनाऊ हे संशोधक आणि एर्डमान यांच्याकडे. ओलिक आम्लाची प्लेट करतात, दुधासारखी गढूळ. त्यावर चांगलं यीस्ट वाढलं की ते तेल खातं आणि वसाहतीभोवती काचेसारखं पारदर्शक कडं पडतं. यीस्टमध्ये मेदाम्लं फक्त पेरॉक्सिसोममध्येच जळतात, त्यामुळे तो बिघडला की कडं पडत नाही. साखरेवर मात्र तेच यीस्ट मजेत वाढतं. १९८९ मध्ये अशी बिनकड्याची वाणं वेगळी काढली, १९९१ मध्ये त्यातल्या एका वाणाचं जनुक वाचलं. ते पेक्स-१. माणसातलं त्याचं भावंड १९९७ मध्ये मिळालं आणि रुग्णांचा मोठा गट एकदम उलगडला. मी आजही त्या प्लेटा उजेडासमोर धरून कडी शोधते.

मामा : उपचार?

भाची : मुळावर घाव घालणारा नाही. पित्ताम्लं नीट तयार होत नाहीत म्हणून कोलिक आम्ल देतात, अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. बाकी झटके, आहार, ऐकणं-बघणं यांची काळजी. पण एक गोष्ट तुला आवडेल. युरोपीय वंशाच्या रुग्णांत पेक्स-१ चा एक बिघाड वारंवार दिसतो. ८४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल. या मुलांचा आजार तुलनेने सौम्य असतो. त्यांच्या पेशी ३७ ऐवजी ३० अंशांवर वाढवल्या तर आयात बऱ्यापैकी सुरू होते.

मामा : म्हणजे कडी तुटलेली नाही, ढिली आहे. थंडीत धरते.

भाची : बरोबर. म्हणून तिला आधार देणारं औषध शोधण्यात अर्थ आहे.

मामा : मग पत्त्याचं माझं म्हणणं वायाच गेलं म्हण.

भाची : नाही रे. पत्त्यावरून मरणारी माणसंही आहेत. यकृतात एजीटी नावाचं विकर असतं. ग्लायॉक्सिलेट नावाच्या पदार्थाचं ते ग्लायसीन करतं. माणसात ते पेरॉक्सिसोममध्ये हवं. काही निरोगी लोकांत त्याच्या अकराव्या जागी एक बारका बदल असतो, एकट्याने काही बिघडवत नाही. १७० व्या जागी आणखी एक बदल जोडीला आला की ते विकर पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. लंडनमध्ये ख्रिस डॅनप्युर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हे दाखवलं.

मामा : तिथे जाऊन बंद पडतं?

भाची : बंद पडत नाही, काम करत राहतं. फक्त जिथे ग्लायॉक्सिलेट तयार होतं तिथे ते नसतं. मग ग्लायॉक्सिलेटचं ऑक्झॅलेट होतं, मूत्रपिंडात कॅल्शियमबरोबर बसतं, मूतखडे होतात, लहान वयात मूत्रपिंडं निकामी होतात. बरीच वर्षं यावर यकृत बदलणं हाच मुळावरचा मार्ग होता, कारण दोष यकृतात. २०२० मध्ये लुमासिरान या औषधाला मान्यता मिळाली. ते ग्लायॉक्सिलेट तयार करणाऱ्या आधीच्या विकराचं उत्पादनच रोखतं. ते विकरही पेरॉक्सिसोममधलंच.

मामा : चालू असलेलं मशीन चुकीच्या शेडमध्ये. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

भाची : आणि मांजराच्या यकृतात हेच विकर बहुतांशी मायटोकॉन्ड्रियातच असतं, सशात पेरॉक्सिसोममध्ये. मांसातून येणारं ग्लायॉक्सिलेट मायटोकॉन्ड्रियात तयार होतं, पाल्यातून येणारं पेरॉक्सिसोममध्ये. जे माणसात दुखणं ठरतं तो मांजराचा नेहमीचा पत्ता आहे.

मामा : मांजराची गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होतीस.

दाराचा निकाल लागलेला नाही आणि मामांनी जाळीवर सही केलेली नाही. परतीच्या वाटेबद्दल मात्र मी भाचीच्या बाजूला आहे. रुग्णांची आकडेवारी तिच्याकडे झुकते, आणि ज्या बिघाडावर औषध शोधण्याची आशा तिने सांगितली तोही परतीच्याच वाटेवरचा आहे.

वाचकांसाठी एवढं सांगतो. अमेरिकेत झेल्वेगर गटाचे आजार अंदाजे पन्नास हजार जन्मांमागे एक इतके धरले जातात. ते दोन्ही पालकांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतात. पालक स्वतः ठणठणीत असतात आणि प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक एवढा असतो. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. तिथे एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. घरात एखादं बाळ लुळेपणा, झटके आणि वाढलेलं यकृत अशा लक्षणांनी दगावलं असेल आणि कारण कळलं नसेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला घ्या. आणि आज तसं बाळ घरात असेल तर रक्तातल्या अतिलांब साखळीच्या मेदाम्लांची तपासणी झाली आहे का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.